वेबवर चालतं, मोबाइलवर मोडतं: एका बॅकएंडवर तीन ॲप सांभाळताना

सकाळी पावणेसातला फोन येतो. "साहेब, पावती निघंना. रांग लागलीय." मी लॅपटॉप उघडतो, ऑफिसच्या वेब पानावर तीच नोंद करून बघतो. नोंद होते. "इथं तर चालतंय" हे वाक्य जिभेवर येतं आणि मी ते गिळतो. समोरच्या माणसाच्या मागे पंधरा जण किटल्या घेऊन उभे असतात. त्याला माझ्या लॅपटॉपचं काय?

आमची मांडणी साधी आहे. गावोगावच्या दूध संस्थांसाठी काम आहे. ऑफिसात सचिव आणि क्लार्क वापरतात ते वेब ॲप. संकलन केंद्रावर कोटलिनमध्ये लिहिलेलं अँड्रॉइड ॲप, त्याला वजनकाटा आणि फॅट मशीन जोडलेलं. आणि दूध घालणाऱ्या उत्पादकांसाठी फ्लटरमधलं तिसरं ॲप, ज्यात आपलं दूध किती गेलं, फॅट किती लागलं आणि दहा दिवसांचं बिल किती झालं एवढं दिसतं. या तिन्हींच्या मागे नोडवर (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) लिहिलेला एकच सर्व्हर आणि पोस्टग्रेसचा एकच डेटाबेस. हाच आमचा बॅकएंड.

दुखणं असं की दर काही आठवड्यांनी या तिघांपैकी एक मोडतं आणि बाकीचे दोन ठणठणीत असतात. असं झालं की टीममध्ये कोणीतरी म्हणतं, "आपण ग्राफक्यूएल घेऊया का?" एकदा जीआरपीसीचीही टूम निघाली होती. दोन्ही म्हणजे ॲप आणि सर्व्हरने एकमेकांशी बोलायच्या वेगळ्या पद्धती, प्रोटोकॉल; आमची पद्धत रेस्ट. मी मग बसून जुन्या सगळ्या तक्रारी वहीत उतरवून काढल्या. प्रत्येकीपुढे लिहिलं, प्रोटोकॉल बदलला असता तर ही टळली असती का? जवळपास प्रत्येक ठिकाणी उत्तर "नाही" आलं. भांडण रेस्टशी नव्हतं. बॅकएंडने मनात एकच ग्राहक धरला होता, तोही चांगल्या वायफायवर बसलेला, कालच ताजा झालेला ब्राउझर. बाकीचे दोघे तसे नाहीत, हे सर्व्हरला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या वहीतूनच ही पोस्ट. तुमच्याकडे दुधाऐवजी औषधं किंवा शाळेची फी असेल, दुखणी हीच निघतील.

रिक्वेस्ट मेली कुठे?

कोड उघडण्याआधी सर्व्हरचा ॲक्सेस लॉग उघडा. त्या वेळेची, त्या केंद्राची रिक्वेस्ट तिथे आहे का? अजिबात नसेल तर वाटेतच काहीतरी अडलंय. फक्त ऑप्शन्स रिक्वेस्ट (ब्राउझर खऱ्या रिक्वेस्टआधी परवानगी विचारायला पाठवतो ती) दिसतेय आणि तिच्यामागून खरी आलीच नाही, तर तो कॉर्सचा, म्हणजे एका साइटवरून दुसऱ्या पत्त्याच्या सर्व्हरशी बोलायच्या परवानगीचा, प्रश्न आहे आणि तो फक्त ब्राउझरमध्ये असतो. सर्व्हरच्या उत्तराचा आकडा ४०१ दिसतोय तर लॉगिन. ४०० किंवा ४२२ दिसतोय तर पाठवलेल्या माहितीचा आकार चुकलाय. आणि लॉगमध्ये २०० (म्हणजे सगळं ठीक) असूनही ॲप बंद पडतंय, तर तुमचं उत्तर सुखरूप पोचलंय पण ॲपला ते पचलेलं नाही.

एवढी वाटणी केली की निम्मा शोध संपतो. ती सोपी व्हावी म्हणून प्रत्येक ॲपने प्रत्येक रिक्वेस्टसोबत तीन गोष्टी हेडरमध्ये (रिक्वेस्टच्या माथ्यावरच्या ओळींत) पाठवाव्यात: प्लॅटफॉर्म, ॲपची आवृत्ती आणि ॲपनेच तयार केलेला एक रिक्वेस्ट क्रमांक. त्या क्रमांकाची शेवटची सहा अक्षरं आम्ही चुकीच्या संदेशाखाली बारीक अक्षरात दाखवतो. फोनवर "खाली काय लिहिलंय ते वाचा" म्हटलं की दोन मिनिटांत ओळ सापडते. हे पहिल्याच रिलीजमध्ये घाला. आधीच लोकांच्या फोनमध्ये गेलेल्या ॲपला नंतर हेडर शिकवता येत नाही.

पोचलीच नाही

ब्राउझरमध्ये साइट उघडते आणि अँड्रॉइड ॲप म्हणतं की सर्टिफिकेटवर (सर्व्हरच्या ओळखपत्रावर) विश्वास नाही. आम्हाला हे दोनदा नडलं, दोन्ही वेळा सर्टिफिकेट नवं केल्यानंतर. कारण असं की सर्व्हरवर फक्त आपलं सर्टिफिकेट लावलं होतं, मधल्या संस्थेचं राहून गेलं होतं. डेस्कटॉपवरचा क्रोम सर्टिफिकेटमधल्या पत्त्यावरून मधला दुवा स्वतः उतरवून घेतो. अँड्रॉइड ॲप तसं करत नाही, ते सरळ नकार देतं. एनजिनएक्समध्ये (आपल्या सर्व्हरच्या पुढे बसून रिक्वेस्ट घेणारा प्रोग्राम) एकट्या सर्टिफिकेटऐवजी पूर्ण साखळीची फाइल द्या, प्रश्न मिटतो. नवं सर्टिफिकेट लावल्यावर तपासणी ब्राउझरने करू नका. तो तुमची चूक झाकतो.

एचटीटीपीचा साधा पत्ता असेल तर अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, तो मुळातच बंद आहे. आयफोनवर ही अट २०१५ च्या आयओएस ९ पासून आहे. यावर सेटिंगमधून सूट मिळवण्याचे उपाय सर्रास सांगितले जातात. डेव्हलपमेंटपुरते ठीक, रिलीजमध्ये ठेवू नका.

आणि नव्या मुलांसाठी एक: एम्युलेटरमध्ये (लॅपटॉपवर चालणारा खोटा फोन) लोकलहोस्ट म्हणजे तो एम्युलेटर स्वतः, तुमचा लॅपटॉप नव्हे. लॅपटॉपसाठी १०.०.२.२ हा पत्ता आहे. खऱ्या फोनवरून बघायचं तर लॅपटॉपचा वायफायवरचा पत्ता वापरा आणि सर्व्हर ०.०.०.० वर ऐकतोय ना ते बघा.

कॉर्सबद्दल एवढंच लिहितो की तो सर्व्हरचं रक्षण करत नाही. दुसऱ्याच्या साइटवरच्या कोडने तुमच्या वापरकर्त्याच्या नावावर उत्तरं वाचू नयेत म्हणून ब्राउझरने पाळलेला तो नियम आहे. म्हणून पोस्टमनमध्ये आणि नेटिव्ह ॲपमध्ये सगळं चालतं आणि वेबवर अडतं. कुकी पाठवायची असेल तर परवानगीच्या हेडरमध्ये तारांकन चालत नाही, नेमका पत्ता द्यावा लागतो. वेबव्ह्यूवर (ॲपच्या आत बसवलेल्या ब्राउझरवर) बांधलेलं मोबाइल ॲप असेल तर त्यालाही कॉर्स लागू होतो, आणि तिथला ओरिजिन, म्हणजे पान जिथून आलं तो पत्ता, लोकलहोस्टसारखा काहीतरी विचित्र दिसतो. तोही यादीत घालावा लागतो.

"आपोआप लॉगआउट होतं"

ही तक्रार सगळ्यांत चिवट निघाली, कारण आमच्याकडे ती कधी घडायचीच नाही.

वेबसाठी आम्ही कुकी वापरतो. जावास्क्रिप्टला वाचता न येणारी, फक्त एचटीटीपीएसवर जाणारी. मोबाइलसाठी बेअरर टोकन, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टसोबत दाखवायचा ओळखीचा परवाना; अँड्रॉइडवर कीस्टोअरच्या आधाराने आणि आयफोनवर कीचेनमध्ये ठेवलेलं. दोन्हींना एकच पद्धत लावायचा हट्ट आम्ही सुरुवातीला केला होता. म्हणजे वेबवरही टोकन, तेही लोकल स्टोरेजमध्ये. तसं करू नका. पानावर एक परका स्क्रिप्ट शिरला की टोकन गेलं. सर्व्हरला दोन्ही वाटांनी ओळख पटवता आली पाहिजे आणि आत गेल्यावर दोघांना एकच वागणूक मिळाली पाहिजे. हे मिडलवेअरमधल्या (प्रत्येक रिक्वेस्ट आधी तपासणाऱ्या कोडमधल्या) दहाबारा ओळींचं काम आहे.

वेबच्या कुकीला आणखी एक खोड आहे. वेब ॲप एका डोमेनवर आणि एपीआय (ॲप सर्व्हरशी जिथून बोलतं तो दरवाजा) भलत्याच डोमेनवर असेल तर सफारी २०२० च्या मार्चपासून असल्या त्रयस्थ कुकी पूर्ण अडवतो. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत क्रोम ८० नेही सेमसाइटची (दुसऱ्या साइटवरून कुकी जाऊ न देण्याची) मर्यादा आपणहून लावायला सुरुवात केली. सचिवांच्या मुलाच्या आयफोनवर लॉगिन टिकत नव्हतं, ते यामुळेच. एपीआय त्याच डोमेनच्या उपडोमेनवर आणला आणि विषय संपला.

आता मोबाइल. ॲक्सेस टोकन पंधरा मिनिटांचं, ते संपल्यावर नवं मागायचं रिफ्रेश टोकन लांब मुदतीचं आणि प्रत्येक वापरानंतर बदलणारं. सर्व्हर जुनं रिफ्रेश टोकन दुसऱ्यांदा पाहिलं की चोरी समजून सगळी सत्रं रद्द करतो. पुस्तकी पद्धत आहे आणि बरोबरही आहे. पण केंद्राचं ॲप सकाळी उघडलं की एकदम पाच रिक्वेस्ट सुटतात: सभासदांची यादी, दरपत्रक, आजच्या नोंदी, सूचना, काट्याची सेटिंग. रात्रभरात टोकन संपलेलं. पाचही जणी ४०१ घेऊन परत येतात आणि पाचही जणी स्वतंत्रपणे रिफ्रेश मागायला धावतात. पहिलीला नवं टोकन मिळतं. दुसरी जुनंच टोकन दाखवते. चोर! सगळे बाहेर.

ॲपमध्ये रिफ्रेशला कुलूप लावा. एक जण आत गेला की बाकीच्यांनी दाराशी थांबायचं आणि त्याने आणलेलं टोकनच वापरायचं. हे केल्यावर तक्रारी कमी झाल्या पण थांबल्या नाहीत. उरलेलं कारण नेटवर्क होतं. सर्व्हरने टोकन बदललं, उत्तर पाठवलं आणि डोंगराआडच्या केंद्रावर ते पोचलंच नाही. ॲपकडे जुनंच टोकन राहिलं, त्याने तेच पुन्हा दाखवलं. पुन्हा चोर. म्हणून सर्व्हरवर सवलतीचा काही सेकंदांचा अवधी ठेवला. जुनं टोकन तेवढ्या वेळात त्याच उपकरणाकडून पुन्हा आलं तर शिक्षा नाही, नवं टोकन द्यायचं. सुरक्षेच्या दृष्टीने ही थोडी ढील आहे हे मान्य. पण रांगेतल्या माणसाला ओटीपीची वाट बघायला लावण्यापेक्षा मला ती परवडते.

टोकनची मुदत फोनच्या घड्याळावरून ठरवू नका, हेही यातच आलं. केंद्रावरच्या जुन्या फोनचं घड्याळ वीस मिनिटं पुढे होतं. ते ॲप प्रत्येक ताजं टोकन हातात पडताच शिळं समजून टाकून देत होतं.

सहा फॅट आणि मराठी आकडे

इथे थोडं सावकाश जाऊ.

उत्पादकांच्या ॲपमध्ये काही जणांना यादीऐवजी करडा पडदा दिसायचा. सगळ्यांना नाही, रोजही नाही. शेवटी लक्षात आलं की म्हशीच्या दुधाला बरोबर ६ फॅट लागलं की पडदा येतो. ६.१ ला नाही, ५.९ ला नाही. जावास्क्रिप्टमध्ये ६ आणि ६.० यांत फरक नाही, त्यामुळे नोड जेसनमध्ये (माहिती पाठवायच्या मजकुरी साच्यात) नुसता सहा पाठवतो. फ्लटरची भाषा डार्ट तो पूर्णांक म्हणून वाचते आणि कोड म्हणतो, मला दशांश हवा. झाला अपवाद. आमच्या टीममधला मुलगा चाचणी क्रोममध्ये करत होता आणि तिथे डार्टचं जावास्क्रिप्ट झालेलं असतं, दोन्ही प्रकार एकच. म्हणून त्याला ते कधीच दिसलं नाही. गायीच्या दुधाचं प्रमाण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ), त्यामुळे तिथे पूर्ण आकडा सहसा येतच नाही. म्हशीसाठी प्रमाणच ६ आणि ९. म्हणजे बग नेमका म्हैसवाल्यांच्याच वाट्याला.

तात्पुरता उपाय म्हणजे डार्टमध्ये आधी सर्वसाधारण संख्या म्हणून वाचायचं आणि मग दशांशात बदलायचं. खरा उपाय करारात, म्हणजे सर्व्हर आणि ॲपमध्ये ठरलेल्या माहितीच्या साच्यात, आहे: फॅट आणि रक्कम नुसत्या दशांशात पाठवायचीच नाही. आम्ही रक्कम पैशांत, दूध मिलिलिटरमध्ये आणि फॅट दहापट करून पूर्णांकात पाठवतो. दाखवताना प्रत्येक ॲप आपापलं भागेल.

दुसरा किस्सा खास आपल्याकडचा. एका केंद्रावरून आलेल्या नोंदींमध्ये फॅट "एनएएन", म्हणजे संख्याच नाही. बाकी केंद्रं ठीक. फोन तोच, ॲप तेच. फरक एवढाच की तिथल्या पोराने फोनची भाषा मराठी ठेवली होती. कोटलिनमध्ये फॉर्मॅट वापरून एका दशांशापर्यंत आकडा छापला की तो फोनच्या भाषेनुसार छापला जातो. हिंदी फोनवर इंग्रजी आकडे येतात, मराठी फोनवर देवनागरी, कारण भाषांच्या ज्या जागतिक कोशावरून अँड्रॉइड हे ठरवतं त्यात मराठीचे मूळ अंक देवनागरी आहेत. तर सर्व्हरला देवनागरीतला साडेसहा मिळाला. पायथन तो बिनतक्रार वाचतो, जावाही देवनागरी पूर्णांक वाचते. नोड वाचत नाही, एनएएन करतो.

पुढे जे झालं त्याने माझी झोप उडाली. पोस्टग्रेसच्या न्यूमेरिक रकान्यात एनएएन चक्क साठवता येतो. आम्ही अट घातली होती की फॅट शून्यापेक्षा जास्त हवं. पोस्टग्रेसच्या हिशेबात एनएएन प्रत्येक संख्येपेक्षा मोठा. अट पास! आणि बेरजेत एक जरी एनएएन आला तरी बेरीज एनएएन. दहा दिवसांच्या बिलाच्या दिवशी त्या संस्थेच्या सगळ्या उत्पादकांच्या ॲपमध्ये एकूण रकमेच्या जागी रिकामी चौकट. सचिवांचा आवाज अजून कानात आहे.

उपाय तीन ठिकाणी केला. ॲपमध्ये सर्व्हरला जाणारा कोणताही आकडा किंवा तारीख छापताना भाषा स्पष्टपणे ठरलेली, फोनवर अवलंबून नाही. अँड्रॉइड स्टुडिओ याबद्दल पिवळी सूचना देत असतो, आपण ती वाचत नाही. सर्व्हरवर आत येणाऱ्या प्रत्येक संख्येची तपासणी, आणि डेटाबेसमध्ये वरची मर्यादासुद्धा. वर मर्यादा असती तर एनएएन दारातच अडकला असता. तारखांनाही हेच लागू आहे. फोन मराठीत असेल तर तारीखही देवनागरीत बनते. आयफोनवर ठरावीक साच्याच्या तारखांसाठी ॲपलने वेगळा स्थिर लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) सांगितलेला आहे, तोच वापरा. चाचणीसाठी ठेवलेल्या एका फोनची भाषा कायमची मराठी करून टाका. मराठी लोकांसाठी ॲप बनवणाऱ्या टीममधले सगळे फोन इंग्रजीत असतात, ही आपली गंमतच आहे.

तारखेचा आणखी एक. पहाटे पाच ते साडेपाचमध्ये आलेलं दूध आदल्या दिवशी जमा होत होतं. तारीख काढायला आम्ही जावास्क्रिप्टची आयएसओ पद्धत वापरत होतो. ती यूटीसी वेळ देते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. ऑफिस दहाला उघडतं, वेबवर हे कोणाला दिसणार? आता "दिनांक" आणि "पाळी" या दोन गोष्टी ॲप स्वतंत्रपणे पाठवतं, वेळेवरून काढत नाही. अचूक वेळ हवीच, पण ती तपासणीसाठी.

उलटं उदाहरण एकच आहे, जिथे मोबाइल बरोबर आणि वेब चुकलं. खूप मोठे आयडी संख्येत पाठवले तर जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे शेवटचे अंक गोंधळात टाकतं. ट्विटरला याच कारणासाठी प्रत्येक आयडी अक्षरमाळेतही द्यावा लागला होता. आयडी नेहमी अक्षरमाळ म्हणूनच पाठवा.

एकाच किटलीची दोनदा नोंद

नेटवर्क तुटकं असलं की ॲप पुन्हा प्रयत्न करतं, करायलाच हवं. पण पहिली रिक्वेस्ट सर्व्हरवर पोचून नोंद झालेली असते, फक्त उत्तर परत आलेलं नसतं. दुसऱ्या प्रयत्नाला दुसरी नोंद. उत्पादक खूश, संस्था तोट्यात. वेबवर हे क्वचित घडतं आणि तिथे माणूस पान बघून ठरवतो.

आम्ही आधी सोपी युक्ती केली: एक सभासद, एक दिनांक, एक पाळी म्हणजे एकच नोंद. पहिल्याच दिवशी फसली. घरात गाय आणि म्हैस दोन्ही असतात. गायीचं दूध जास्त असलं की दोन किटल्या येतात. कोणी अर्ध्या तासाने उरलेलं घेऊन येतो. म्हणजे खऱ्या दोन नोंदी आणि चुकून झालेल्या दोन नोंदी सर्व्हरला सारख्याच दिसतात. फरक फक्त ॲपला माहीत असतो.

तेव्हा नोंदीची ओळख ॲपनेच द्यायची. बटण दाबलं त्या क्षणी एक यूयूआयडी (दुसऱ्या कशाशीही न जुळणारा ओळख क्रमांक) तयार होतो, नोंदीसोबत फोनच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहिला जातो, पावती छापली जाते आणि मग सवडीने सर्व्हरकडे पाठवणी. पाठवताना पोस्ट ("नवी नोंद बनव") न वापरता त्या यूयूआयडीच्या पत्त्यावर पुट ("इथे ही नोंद ठेव"). तीच नोंद दहादा आली तरी सर्व्हरवर एकच राहते आणि दहाही वेळा तेच उत्तर मिळतं. यूयूआयडी तोच पण मजकूर वेगळा आला तर ४०९ (विसंगती) आणि आम्हाला इशारा. एक चूक आम्ही सुरुवातीला केली ती तुम्ही करू नका: यूयूआयडी पाठवायच्या कोडमध्ये बनवला होता, त्यामुळे प्रत्येक प्रयत्नाला नवा बनत होता. त्याने काहीच साधलं नाही. तो बटणाशीच बनला पाहिजे.

पावती क्रमांकही मग सर्व्हर देऊ शकत नाही, कारण पावती आधी छापली जाते. केंद्र, उपकरण आणि त्या उपकरणाचा चालू अनुक्रमांक मिळून तो बनतो. लेखापरीक्षकाने एकदा विचारलं, क्रमांक सलग का नाहीत. उपकरणनिहाय सलग आहेत हे दाखवल्यावर मानलं.

जुनी ॲप मरत नाहीत

वेबवर नवा कोड टाकला की पुढच्या रिफ्रेशला सगळे नव्यावर, असं आपण धरून चालतो. तेही पूर्ण खरं नाही. ऑफिसातल्या एका ताईंनी टॅब पंधरा दिवस बंद केलेला नव्हता. मोबाइलवर तर कोण कधी अपडेट करेल याचा नेम नाही. स्टोअरवर टप्प्याटप्प्याने सोडलेली आवृत्ती थांबवता येते, पण ज्यांच्याकडे गेली त्यांच्याकडून परत घेता येत नाही.

आम्ही दुधाच्या प्रकारात गाय आणि म्हैस यांच्या जोडीला "मिश्र" घातलं. वेबवर दिसायला लागलं. जुन्या केंद्र ॲपमध्ये फक्त दोन पर्याय माहीत होते. तिसरा वाचताच ते कोसळलं. कोटलिनच्या स्वतःच्या सीरियलायझेशन लायब्ररीत (आलेला जेसन उलगडून देणारी) तर नुसतं अनोळखी नाव दिसलं तरी चूक मानणं हाच मूळ स्वभाव आहे, तो मुद्दाम बदलावा लागतो. स्विफ्ट जास्तीची नावं सोडून देतं, पण अपेक्षित नाव गायब असेल किंवा यादीबाहेरचा पर्याय आला तर तेही थांबतं. जावास्क्रिप्टला काहीच फरक पडत नाही. म्हणून बदल आधी वेबवर "चालतो".

आता नियम असा: असलेलं नाव काढायचं नाही, त्याचा अर्थ बदलायचा नाही, फक्त नवं जोडायचं. प्रत्येक ॲपने अनोळखी पर्यायासाठी "इतर" ठेवायचं. जुनं नाव काढायचंच असेल तर आधी नवं शेजारी द्यायचं, जुन्या आवृत्त्यांच्या रिक्वेस्ट लॉगमधून नाहीशा होईपर्यंत थांबायचं, मग काढायचं. सर्व्हरकडे किमान आवृत्तीची सोय आहे. त्याखालच्या ॲपला ४२६ मिळतो आणि ॲप "अपडेट करा" म्हणतं. फक्त दूध नोंदीच्या एंडपॉइंटला (सर्व्हरवरच्या त्या कामाच्या पत्त्याला) ही अडवणूक आम्ही लावलेली नाही. सकाळी साडेसहाला अपडेट उतरवत बसायला कोणाला वेळ आहे?

मग निवडायचं काय?

आमच्यापुरतं उत्तर: रेस्ट, ओपनएपीआयमध्ये (एपीआयचं वर्णन लिहायचा ठरलेला साचा) लिहिलेला करार, आणि त्यावरून तिन्ही ॲपसाठी मशीननेच बनवलेले प्रकार. करार बदलला की तिन्हींचा कोड कंपाइल होताना बोंब मारतो, सकाळी पावणेसातला नाही.

ग्राफक्यूएल फेसबुकने २०१२ मध्ये मोबाइल ॲपसाठीच आतल्या आत बनवलं आणि २०१५ मध्ये खुलं केलं. प्रत्येक पडद्याला वेगवेगळी आणि खोलवर गुंतलेली माहिती लागत असेल, पडदे सतत बदलत असतील, तर ते शोभतं. पण चूक झाली तरी उत्तर बहुधा २०० येतं, त्यामुळे वर सांगितलेली लॉगवरची वाटणी निकामी होते. तीनचार माणसांच्या टीमला ते ओझं मी घेऊ देणार नाही. उत्पादकांच्या पहिल्या पडद्याला चार ठिकाणची माहिती एका फेरीत हवी होती, तेवढ्यासाठी आम्ही त्या पडद्यापुरता एक वेगळा एंडपॉइंट लिहिला. साउंडक्लाउड या संगीत सेवेच्या लोकांनी प्रत्येक ॲपसाठी वेगळा पातळ बॅकएंड ठेवायची जी पद्धत रूढ केली, तिचाच हा छोटा भाऊ. जीआरपीसी सर्व्हर ते सर्व्हर उत्तम. ब्राउझरमधून मात्र सरळ चालत नाही, मध्ये भाषांतर करणारा प्रॉक्सी लागतो. एका वेब ॲपसाठी तो सांभाळत बसण्यात काही अर्थ नव्हता.

चालू घडामोडी दाखवण्याचं मात्र तिन्हींसाठी एकच उत्तर नाही. ऑफिसात आज किती लिटर आलं हा आकडा सरकताना दिसावा म्हणून एसएसई (उघड्या जोडणीवरून सर्व्हरने ब्राउझरला ओळी पाठवत राहायची सोय) पुरलं, कारण माहिती एकाच दिशेने जाते. तो अडकत-अडकत येत असेल तर एनजिनएक्स उत्तर साठवून ठेवतोय, ते बफरिंग बंद करा. दर मिनिटाला तुटत असेल तर ६० सेकंदांची मूळ मुदत आड येतेय, दर वीसतीस सेकंदांनी एक रिकामी ओळ पाठवा. वेबसॉकेटलाही (दोन्ही बाजूंनी बोलता येणारी उघडी जोडणी) हीच मुदत नडते. आणि जुन्या एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका पत्त्याला सहाच जोडण्या देतो. सातवा टॅब उघडला की सगळं गोठतं. एचटीटीपी २ चालू केलं की हे जातं.

फोनवर जोडणी उघडी धरून बसू नका. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोन पडून राहिला की डोझ नावाची झोप लागते, आणि काही कंपन्यांचे फोन त्याहून कडक. पुश सूचना पाठवायची, तीही नुसती "काहीतरी नवं आहे" एवढीच, आणि ॲपने जागं होऊन नेहमीच्या एंडपॉइंटवरून माहिती आणायची. सूचनेतच दर लिहून पाठवला होता तेव्हा एका केंद्राला सूचना उशिरा पोचली आणि दोन पाळ्या जुन्या दराने गेल्या.

सध्या लॉगमध्ये पहिल्या आवृत्तीच्या एंडपॉइंटला रोज सकाळी एकच फोन हाक मारतो. केंद्रावर फोन करून विचारलं तर कळलं, नेहमीचा फोन चार्ज नसला की कपाटातला जुना काढतात. त्यात मेमरी भरलेली आहे, अपडेट बसत नाही. तो एंडपॉइंट अजून चालू ठेवलाय. या वेळचं बिल निघालं की पेनड्राइव्ह घेऊन मीच जाणार आहे.